व्हिक्सबर्ग : नदीची दोन्ही टोके हाती असताना मधले एक शहर वर्षभर कसे टिकले?

प्रश्नकर्ते : नदीकाठ

नमस्कार मंडळी,

गेल्या मार्चमध्ये कामानिमित्त अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जाणे झाले आणि हाताशी असलेला एक मोकळा दिवस मी व्हिक्सबर्गच्या रणभूमीसाठी राखून ठेवला. १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण अशी उभी फूट पडलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल आपले शालेय ज्ञान लिंकन, गुलामगिरी आणि गेटिसबर्ग यांच्यापलीकडे सहसा जात नाही, आणि माझेही तेवढेच होते. याझू नदीत १२ डिसेंबर १८६२ रोजी पाण्याखालच्या सुरुंगाने बुडालेली आणि १९६४ साली गाळातून वर काढलेली 'केरो' ही चिलखती तोफनौका तेथे एका छताखाली उभी करून ठेवली आहे. तिचा काळा पडलेला लाकडी सांगाडा आणि शेजारच्या संग्रहालयात मांडलेल्या खलाशांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू पाहिल्यावर, तारखांपुरते माहीत असलेले ते युद्ध मला पहिल्यांदाच हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटले.

परत आल्यापासून वाचन चालू आहे, पण एक कोडे सुटत नाही. एप्रिल १८६२ च्या अखेरीस उत्तरेच्या आरमाराने नदीच्या मुखाजवळचे न्यू ऑर्लिन्स घेतले आणि ६ जून १८६२ रोजी वरच्या अंगाचे मेंफिस घेतले. म्हणजे मिसिसिपी नदीची दोन्ही टोके उत्तरेच्या ताब्यात आली होती. तरीही मधले व्हिक्सबर्ग, ज्याची वस्ती १८६० साली जेमतेम साडेचार हजार होती, ४ जुलै १८६३ पर्यंत हाती लागले नाही. त्याला बाजूला ठेवून पुढे का जाता आले नाही? खरे महत्त्व शहराचे होते, नदीचे होते, की आत अडकलेल्या सैन्याचे? आणि त्या वेढ्यात सामान्य माणसांनी दिवस कसे काढले? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : घाटवाट

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर नकाशात आहे, म्हणून आधी जमीन कशी होती ते सांगतो.

त्या काळी मिसिसिपी नदी व्हिक्सबर्गजवळ आली की केसांच्या आकड्यासारखे वळण घेत असे. पलीकडच्या लुइझियाना राज्यातून जिभेसारखा निघालेला जमिनीचा एक सखल पट्टा, ज्याला डी सोटो पॉइंट म्हणत, त्याला वळसा घालून नदी जवळजवळ उलट दिशेने वाहू लागे, आणि त्या वळणाच्या बाहेरच्या काठावर, पाण्यापासून सुमारे २०० फूट उंचीच्या कड्यावर हे शहर वसलेले होते. वरून येणाऱ्या आगबोटीला वळणात वेग कमी करावाच लागे, प्रवाह तिला ओढत काठाकडे नेई, आणि नेमक्या त्याच वेळी ती कड्यावरच्या तोफांच्या टप्प्यात सापडे. उलट बोटीवरच्या तोफांची नाळ इतकी वर उचलता येत नसल्यामुळे कड्याच्या माथ्यावरचे मोर्चे तिला नीट टिपता येत नसत. ज्यांनी कोकणातली खाडी वरच्या किल्ल्यावरून पाहिली आहे त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

आता 'बाजूने का गेले नाहीत' हा प्रश्न. उत्तरेला याझू नदीचे खोरे म्हणजे दलदल, वेलींनी गच्च झालेले जंगल आणि पावसाळी नाल्यांचे जाळे, ज्यातून तोफा ओढून नेणे हिवाळ्यात अशक्यच होते. डिसेंबर १८६२ च्या शेवटच्या आठवड्यात उत्तरेचा सेनापती विल्यम शर्मन याने त्या बाजूने चिकासॉ बायू या संथ, दलदलीच्या नाल्यापाशी चढाई करून पाहिली, तेव्हा त्याची सुमारे १,८०० माणसे मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली आणि बचाव करणाऱ्यांचे नुकसान जेमतेम २०० च्या घरात राहिले. पश्चिमेला लुइझियानाची पूरभूमी. दक्षिणेला कड्यांची रांग पुढे चालूच होती आणि तिच्यावर ग्रँड गल्फसारखी आणखी ठाणी होती. चांगली, कोरडी, गाड्या जातील अशी जमीन फक्त पूर्वेला होती, म्हणजे शत्रूच्या घरातून.

रात्रीच्या अंधारात लढाऊ जहाज या तोफांखालून निसटून जाऊ शके. न्यू ऑर्लिन्स घेणारा उत्तरेचा आरमारप्रमुख डेव्हिड फॅरागट याने जून १८६२ मध्ये तसे करूनही दाखवले. परंतु निसटून जाणे वेगळे आणि वाट मोकळी असणे वेगळे. धान्य, मांस आणि लाकूड भरलेली साधी मालवाहू आगबोट रोज तोफांच्या तोंडी देता येत नाही. फॅरागटच्या मदतीला आलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी आणि आसपासच्या मळ्यांतून आणलेल्या गुलाम मजुरांनी डी सोटो पॉइंटच्या बुडाशी कालवा खणून नदीलाच शहरापासून दूर वळवण्याचा प्रयत्न केला. उन्हाळ्यात नदीचे पाणी खणण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने उतरत गेले, मलेरिया आणि हगवणीने छावणी आडवी झाली आणि जुलैअखेर आरमाराला माघार घ्यावी लागली.

एक गोष्ट नकाशावर पटकन दिसत नाही. व्हिक्सबर्गहून पूर्वेला जॅक्सनकडे रेल्वे जात होती आणि नदीच्या पलीकडच्या काठावरून पश्चिमेला मन्रोपर्यंत दुसरी रेल्वे होती. मेंफिस आणि न्यू ऑर्लिन्स गेल्यावर दक्षिणेच्या पूर्व आणि पश्चिम भागांना रुळांच्या आधाराने जोडणारा नदीकाठचा असा दुसरा दुवा उरलाच नव्हता.

प्रतिसाद २ : जुने दफ्तर

घाटवाट यांनी जमीन उत्तम समजावली आहे. त्याच जमिनीने उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट याला सहा महिने कसे झुलवले आणि शेवटी त्याने ती गाठ कशी सोडवली, हे मी सांगतो, कारण माझ्या मते त्या युद्धातली ही सर्वांत विचारपूर्वक केलेली मोहीम आहे.

ग्रँटचा पहिला बेत सरळ होता. रेल्वेच्या आधाराने उत्तरेकडून खाली उतरायचे. २० डिसेंबर १८६२ रोजी दक्षिणेच्या घोडदळाने हॉली स्प्रिंग्ज येथील त्याचे कोठार लुटून जाळले आणि तो बेत तिथेच संपला. त्यानंतरचा हिवाळा त्याने कालव्यांत आणि नाल्यांत घालवला. जुना कालवा पुन्हा खणून पाहिला, लेक प्रॉव्हिडन्समधून वाट काढून पाहिली, याझू पासमधून बोटी घातल्या, स्टील्स बायूमध्ये तर झाडांच्या फांद्यांनी बोटींची धुराडी मोडेपर्यंत मजल गेली. एकही वाट लागली नाही. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली आणि त्याला काढून टाकण्याची मागणी होऊ लागली.

एप्रिलमध्ये पूर उतरू लागल्यावर त्याने असा निर्णय घेतला, जो शर्मनसारख्या त्याच्या जिवलग सहकाऱ्यालाही पटला नव्हता. सैन्य नदीच्या पश्चिम काठाने चालत शहराच्या खाली न्यायचे आणि बोटींनी तोफांखालून निघून त्यांना तेथे गाठायचे. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री उत्तरेच्या नदीवरच्या आरमाराचा प्रमुख डेव्हिड पोर्टर याच्या बोटी कापसाच्या आणि गवताच्या गठ्ठ्यांची ढाल करून, दिवे झाकून निघाल्या. दक्षिणेच्या लोकांनी पलीकडच्या काठावरची घरे पेटवून नदी उजळून टाकली आणि तोफा सोडल्या. बारा बोटींपैकी एकच गमावली. त्याच सुमारास उत्तरेचा कर्नल बेंजामिन ग्रीअर्सन १,७०० घोडेस्वार घेऊन मिसिसिपी राज्याच्या पोटातून रूळ उखडत आणि तारा तोडत बॅटन रूजपर्यंत गेला. शहराचा सेनापती जॉन पेंबर्टन त्याच्या मागावर माणसे पाठवत राहिला आणि नदीकडचे त्याचे लक्ष उडाले.

आता एक बारीक प्रसंग. २९ एप्रिलला ग्रँड गल्फच्या तोफा आरमाराला गप्प करता आल्या नाहीत, त्यामुळे आणखी खाली कोठे उतरायचे हा प्रश्न पडला. ग्रँटने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे की त्या रात्री एका कृष्णवर्णीय माणसाने त्याला सांगितले, ब्रुइन्सबर्गला उतरा, तेथून पोर्ट गिब्सनपर्यंत चांगला रस्ता आहे. ३० एप्रिलला सैन्य तेथेच उतरले आणि कोणीही अडवले नाही. त्या माणसाचे नाव इतिहासाने टिपून ठेवले नाही, याची मला दर वेळी हा भाग वाचताना हळहळ वाटते, कारण मोहिमेचे पारडे त्याच्या त्या दोन वाक्यांनी फिरले.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. वॉशिंग्टनची अपेक्षा होती की ग्रँटने खाली जाऊन पोर्ट हडसन या नदीवरच्या दक्षिणेच्या दुसऱ्या ठाण्यापाशी उत्तरेचा सेनापती बँक्स याच्या सैन्याला मिळावे. ग्रँट उलट आत, ईशान्येकडे वळला. मळ्यांतल्या बग्ग्या, बैलगाड्या, जे मिळेल त्यावर दारूगोळा लादला आणि धान्य व मांस बहुतांशी मुलखातूनच उचलले. १ मे ते १७ मे या १७ दिवसांत पोर्ट गिब्सन, रेमंड, जॅक्सन, चँपियन हिल आणि बिग ब्लॅक नदीचा पूल अशा पाच लढाया त्याने जिंकल्या. जॅक्सन घेतल्यामुळे दक्षिणेचा सेनापती जोसेफ जॉन्स्टन याची कुमक तुटली, आणि १६ मेच्या चँपियन हिलच्या लढाईत सुमारे ३२,००० विरुद्ध २२,००० अशा झुंजीत पेंबर्टन मागे रेटला जाऊन व्हिक्सबर्गच्या तटाआड गेला. १९ आणि २२ मे रोजी ग्रँटने थेट हल्ले करून पाहिले. दुसऱ्या हल्ल्यात त्याची ३,००० हून अधिक माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली, आणि मग त्याने फावडी हाती घेतली.

व्हिक्सबर्ग पडल्यावर, १३ जुलै १८६३ रोजी लिंकनने ग्रँटला पत्र लिहिले. आपल्या मनात होते की त्याने खाली जाऊन बँक्सला मिळावे आणि तो आत वळला तेव्हा आपल्याला ती चूक वाटली, हे सांगून राष्ट्राध्यक्षाने आपल्या सेनापतीला कबूल केले की तुमचे बरोबर होते आणि माझे चुकले होते. सत्तेच्या शिखरावरच्या माणसाने हे स्वतःहून लेखी कळवावे, याचे मोल मला फार वाटते.

प्रतिसाद ३ : ओसरी

नदीकाठ यांनी सामान्य माणसांविषयी विचारले आहे, त्याबद्दल लिहिते.

व्हिक्सबर्गचा कडा दगडाचा नाही. वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक, पिवळसर मातीचे ते जाड थर आहेत. या मातीचा गुण असा की फावड्याने सरळ उभी कापली तरी ती ढासळत नाही. वेढा सुरू झाल्यावर एका बाजूने सैन्याच्या तोफा आणि दुसऱ्या बाजूने नदीतल्या सपाट बोटींवरच्या १३ इंची उखळी तोफा रात्रंदिवस सुरू झाल्या, तेव्हा लोकांनी टेकड्यांच्या पोटात गुहा खणल्या. अशा गुहांची संख्या ५०० च्या आसपास गेली. काही एकाच कुटुंबापुरत्या होत्या, काहींमध्ये अनेक कुटुंबे एकत्र राहत. सुखवस्तू घरांनी गालिचे, पलंग, आरसे, खुर्च्या आत नेल्या आणि भिंतीत कोनाडे कोरून त्यांत पुस्तके व मेणबत्त्या ठेवल्या. खणण्याचे काम मात्र बहुतेक ठिकाणी गुलामांनीच केले, आणि आत बसणाऱ्यांसाठी बाहेर चुलीपाशी बसून स्वयंपाकही त्यांनीच केला. गुहांच्या गोष्टी सांगताना हे वाक्य अनेकदा गळून पडते, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

एवढ्या माऱ्यात नागरिक त्या मानाने थोडे मेले, याचे श्रेय त्या मातीला द्यावे लागते. भूक मात्र कोणत्याही गुहेत शिरते. सैनिकांचा शिधा आधी निम्मा, मग त्याहून कमी झाला. गव्हाचे पीठ संपले तेव्हा चवळी दळून तिच्या पिठाची भाकर करण्याचा प्रयोग झाला. ती बाहेरून दगडासारखी कडक होई आणि आतून कच्ची राही, असे खाणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. आपल्याकडे चवळीचे पीठ दुसऱ्या पिठात मिसळल्याशिवाय भाकरी थापली जात नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल. तेथे मिसळायला दुसरे पीठच नव्हते. शेवटी खेचराचे मांस विकले गेले. टाक्यांतले आणि विहिरींतले पाणी आटत गेल्यावर त्यांच्यावर पहारे बसले. खंदकांत उन्हाखाली आठवडेच्या आठवडे उकिडवे बसलेल्या शिबंदीत हगवण, ताप आणि स्कर्व्ही पसरली, आणि जूनच्या अखेरीस दवाखान्यांत हजारोंनी माणसे पडून होती.

एक वस्तू मी छायाचित्रात पाहिली आहे आणि ती डोळ्यांसमोरून जात नाही. 'डेली सिटिझन' हे तेथले वर्तमानपत्र. कागद संपल्यावर त्याच्या संपादकाने भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अंक छापायला सुरुवात केली. म्हणजे एका बाजूला बातम्या आणि पालटले की दिवाणखान्याच्या भिंतीवरची वेलबुट्टी. २ जुलैच्या अंकात लिहिले होते की ग्रँटला ४ जुलैला व्हिक्सबर्गमध्ये जेवायचे आहे म्हणे, पण ससा शिजवायचा तर आधी पकडावा लागतो. ४ जुलैला शहर पडले, तेव्हा छापखान्यात त्या अंकाचे खिळे जुळवलेल्या स्थितीत तसेच होते. उत्तरेच्या सैनिकांनी शेवटी चार ओळी जोडल्या, की ग्रँटने ससा पकडला आहे आणि भिंतीच्या कागदावरचा हा शेवटचा अंक आहे, आणि तो छापून टाकला. थट्टा करणारे हात आणि उत्तर देणारे हात एकाच खिळ्यांवरून फिरले.

प्रतिसाद ४ : तटसरनौबत

वरील प्रतिसादांतून खूप शिकायला मिळाले. तथापि धागाकर्त्यांच्या 'शहर, नदी की सैन्य' या प्रश्नावर माझे मत थोडे वेगळे आहे.

नदीच्या ज्या भागासाठी हे सारे चालले होते तो व्हिक्सबर्ग ते पोर्ट हडसन एवढाच उरला होता. त्याचे महत्त्व असे की तांबडी नदी, म्हणजे रेड रिव्हर, या दोन ठाण्यांच्या मध्येच मिसिसिपीला मिळते. टेक्ससची गुरे, लुइझियानाची साखर आणि मीठ, मेक्सिकोच्या सीमेवरून आलेली बंदुका-दारूगोळ्याची आयात, हे सगळे त्या वाटेने पूर्वेला येत असे. परंतु मे १८६३ पर्यंत पोर्टरच्या तोफनौका व्हिक्सबर्गच्या खाली पोहोचल्या होत्या, म्हणजे ती वाट शहर पडण्याआधीच बंद पडत आली होती. अशा वेळी शहर राखण्यासाठी अख्खे सैन्य पणाला लावणे शहाणपणाचे होते का?

१७ मे रोजी जॉन्स्टनने पेंबर्टनला कळवले की शहर सोड आणि सैन्य वाचव. दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिसने त्याआधीच बजावले होते की व्हिक्सबर्ग कोणत्याही परिस्थितीत सोडायचे नाही. डेव्हिसचा स्वतःचा मळा त्याच वॉरन परगण्यात, शहराच्या खाली नदीच्या वळणावर होता, त्यामुळे हे शहर त्याच्यासाठी नकाशावरचा ठिपका नव्हते. पेंबर्टनची स्थिती तर त्याहून अवघड होती. तो मूळचा उत्तरेतल्या फिलाडेल्फियाचा. पत्नी व्हर्जिनियाची असल्याने आणि स्वतःच्या निष्ठेने तो दक्षिणेकडे गेला आणि त्याचे दोन धाकटे भाऊ उत्तरेच्या बाजूने लढत होते. फाटलेल्या देशाची शिवण एका घराच्या मधून कशी जाते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. शहर न लढता सोडले असते तर लोकांनी त्याला फितूर ठरवले असते, आणि लढून गमावल्यावरही अनेकांनी ठरवलेच.

परिणाम असा झाला की सुमारे २९,५०० सैनिक, १७२ तोफा आणि जवळजवळ ६०,००० बंदुका एका दिवसात गेल्या. शहर जाऊन सैन्य उरले असते तर दक्षिणेला पश्चिमेत आणखी एक डाव खेळता आला असता. म्हणून माझ्या मते व्हिक्सबर्गचे महत्त्व जितके खरे होते त्याहून ते डेव्हिसच्या मनात मोठे झाले, आणि त्या वाढलेल्या किमतीपायी सैन्य गेले.

प्रतिसाद ५ : जुने दफ्तर

तटसरनौबत यांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे आणि निम्मा मला मान्यही आहे. तरीही दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली, ते सैन्य कायमचे गेले नाही. एवढ्या कैद्यांना उत्तरेत नेण्यासाठी बोटी अडकून पडतील आणि त्यांना पोसावेही लागेल, म्हणून ग्रँटने त्यांना पुन्हा शस्त्र न धरण्याच्या वचनावर सोडून दिले. कैद्यांच्या अदलाबदलीनंतरच त्यांनी परत लढायचे असा करार होता. त्यांतले बरेच घरी निघून गेले, पण काही पलटणी त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटनूगा येथे ग्रँटच्याच समोर उभ्या ठाकल्या. दुसरी गोष्ट, नदीकडे केवळ दक्षिणेच्या बाजूने पाहून चालत नाही. इलिनॉय, इंडियाना, ओहायो, आयोवा येथील शेतकऱ्यांचा माल पिढ्यान्‌पिढ्या याच नदीने न्यू ऑर्लिन्सला जात असे. नदी बंद झाल्यापासून त्यांना पूर्वेकडच्या रेल्वे सांगतील ते भाडे मोजावे लागत होते आणि युद्ध थांबवा असे म्हणणारा पक्ष त्या राज्यांत जोर धरत होता. ९ जुलैला पोर्ट हडसन पडले आणि १६ जुलैला 'इंपीरियल' ही आगबोट सेंट लुइसहून न्यू ऑर्लिन्सला सुखरूप पोहोचली. ऑगस्टमधल्या एका पत्रात लिंकनने लिहिले की जलांचा जनक पुन्हा विनाअडथळा समुद्राकडे जाऊ लागला आहे. त्या वाक्यामागे या शेतकऱ्यांचा श्वास आहे.

गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलैला झाली, वॉशिंग्टनच्या जवळ झाली आणि तिच्या बातम्या तत्काळ छापून आल्या. व्हिक्सबर्गची बातमी बोटीने इलिनॉयमधल्या केरो गावाच्या तारघरापर्यंत जाऊन वॉशिंग्टनला ७ जुलैला पोहोचली. त्यात नोव्हेंबरमधले लिंकनचे भाषण गेटिसबर्गच्या वाट्याला आले. लोकांच्या स्मरणातले अंतर बरेचसे येथूनच पडले असावे.

प्रतिसाद ६ : काळी माती

मी अमरावतीचा आहे आणि आमच्या घरात कापसाचा व्यापार होता, म्हणून या धाग्याला एक जोड देतो. युद्धापूर्वी लँकेशायरच्या गिरण्यांचा जवळजवळ तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून, आणि त्यातला मोठा वाटा याच मिसिसिपीच्या खोऱ्यातून जात असे. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केल्यावर तो थांबला आणि वऱ्हाड, खानदेश व गुजरातच्या कापसाला मुंबईत कधी न मिळालेला भाव आला. पोर्टरच्या बोटी ज्या एप्रिलमध्ये व्हिक्सबर्गखालून निघाल्या, त्याच एप्रिल १८६३ मध्ये बोरघाटातला रेल्वेमार्ग खुला झाला. वऱ्हाडचा माल मात्र तेव्हा थळघाटाने यायचा, आणि तेथील रेल्वे १८६५ मध्ये झाली. तोवर बैलगाड्याच होत्या.

व्हिक्सबर्ग पडल्यावर नदी मोकळी झाली, पण आपल्याकडचा भाव त्यामुळे कोसळला नाही. कापूस नदीतून निघायला तो पिकलेला असावा लागतो. मळेवाल्यांनी आणि सैन्याने गठ्ठे जाळले होते, पेरा घटला होता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्यांच्या बळजबरीच्या श्रमावर तो पिकत होता ते लोक हजारोंनी मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे निघाले होते. मुंबईतली तेजी १८६५ पर्यंत चालली, समुद्र भरून जमीन करायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या शेअरांचे मनोरे चढले आणि युद्ध संपताच सगळे खाली आले. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची कारणे मोजताना या पडझडीचाही उल्लेख होतो. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'अमेरिकेची लढाई' हा शब्द तेजीचे वर्ष सांगण्यासाठी येत असे. लढाई कोणाची आणि कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

प्रतिसाद ७ : ओसरी

काळी माती यांनी मळे सोडून निघालेल्या लोकांचा उल्लेख केला, त्याला धरून एवढे सांगते. ७ जून १८६३ रोजी, वेढा चालू असताना, नदीच्या वर मिलिकेन्स बेंड येथे दक्षिणेच्या फौजेने ग्रँटच्या रसदेच्या ठाण्यावर हल्ला केला. ते राखणाऱ्यांत बहुसंख्य नुकतेच भरती झालेले, काही आठवड्यांपूर्वीपर्यंत गुलाम असलेले कृष्णवर्णीय सैनिक होते. कवायत पुरती झालेली नव्हती, तरी ते संगिनींनी हातघाईवर लढले आणि ठाणे राखले. शहर पडल्यावर व्हिक्सबर्ग हेच मुक्त झालेल्या हजारो लोकांचे आश्रयस्थान झाले. आणि डेव्हिस बेंड, म्हणजे तटसरनौबत यांनी सांगितलेल्या नदीच्या वळणावरचे जे मळे, त्यांतला जेफरसन डेव्हिसच्या थोरल्या भावाचा मळा १८६६ साली बेंजामिन मंटगमेरी याने विकत घेतला, जो त्याच मळ्यावर गुलाम होता.

पुढची अनेक वर्षे ४ जुलै हा स्वातंत्र्यदिन व्हिक्सबर्गचे गोरे रहिवासी साजरा करत नसत, कारण त्यांच्या लेखी तो शरणागतीचा दिवस होता. कृष्णवर्णीय रहिवासी मात्र तो साजरा करत. शहर एकच, तारीखही एकच. आपण रणभूमीवर गेला होतात तेव्हा तेथील राष्ट्रीय दफनभूमी पाहिली असेल. उत्तरेच्या सुमारे १७,००० सैनिकांची थडगी तेथे आहेत आणि त्यांतल्या सुमारे १३,००० जणांची नावे कळलेली नाहीत. त्यांच्यासाठी फक्त आकडा कोरलेले छोटे चौकोनी दगड आहेत.

नदीकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ते छोटे दगड मी पाहिले होते आणि त्यांना जमिनीच्या मोजणीच्या खुणा समजून पुढे गेलो होतो, याचे आता वाईट वाटते.

एक शेवटची शंका. फोर्ट हिल नावाच्या उंचवट्यावरून मी खालचे पाणी पाहिले आणि छायाचित्रही काढले. ते पाणी शांत आणि अरुंद आहे. घाटवाट यांनी वर्णन केलेले वळण, तो ओढून नेणारा प्रवाह, मला तेथे दिसलाच नाही. मी चुकीच्या बाजूला उभा होतो का?

घाटवाट :

आपण बरोबर जागी उभे होतात. उत्तरेच्या तोफांना अडवणारे ठाणे तेथेच होते आणि १८६३ साली त्या पायथ्याशी मिसिसिपीच होती. नदी नंतर गेली.

एप्रिल १८७६ मध्ये पुराच्या पाण्याने डी सोटो पॉइंटची मान आपणहून तोडली आणि मिसिसिपीने शहराला वळसा घालणे सोडून सरळ वाट धरली. सैनिकांनी आणि गुलामांनी एक उन्हाळा आणि एक हिवाळा खणून जे जमवता आले नव्हते ते झाले, पण युद्ध संपून ११ वर्षे उलटल्यावर. शहराचा धक्का गाळाने भरत गेला आणि बोटी येईनाशा झाल्या. अखेर सरकारी अभियंत्यांनी कालवा खणून याझू नदीचे पाणी जुन्या पात्रात वळवले आणि १९०३ पासून व्हिक्सबर्गसमोर पुन्हा पाणी वाहू लागले. आपल्या छायाचित्रात फोर्ट हिलच्या पायथ्याशी दिसते ते हे याझूचे पाणी. त्याच याझूचे, जिच्यात 'केरो' बुडाली होती. ग्रँटच्या कालव्याचा एक छोटा तुकडा लुइझियानाच्या बाजूला जपून ठेवलेला आहे. पुन्हा जाणे झाले तर पूल ओलांडून तोही पाहावा. झाडीतला एक कोरडा, उथळ चर आहे.